चिठ्ठीचा न्याय

२५ एप्रिल २०१२ रोजी, कॅलिफोर्नियात पहाटेचे साडेपाच वाजले असताना, ॲपल कंपनीने कोणतीही पूर्वसूचना न देता आपल्या वार्षिक डेव्हलपर परिषदेची तिकिटे विक्रीस खुली केली. तिकीट १,५९९ डॉलरचे, जागा सुमारे पाच हजार. दोन तास व्हायच्या आत सगळी तिकिटे संपली. परिषद भरायची होती सॅन फ्रान्सिस्कोत, आणि त्याच शहरातले कित्येक संगणकतज्ज्ञ झोपेतून उठेपर्यंत खिडकी बंद झालेली होती. आपल्याकडे त्या वेळी संध्याकाळचे सहा वाजले होते. मांडवाच्या दारात राहणारा उपाशी आणि सातासमुद्रांपलीकडला पाहुणा पंगतीत, अशी काहीशी ती अवस्था. साहजिकच ओरड झाली. पुढल्या वर्षी कंपनीने एक दिवस आधी तारीख आणि वेळ जाहीर केली. वेळही सकाळी दहाची, भल्या माणसांची ठेवली. परिणाम असा झाला की सुमारे दोन मिनिटांत सारे आटोपले. ज्याच्या घरची तार जलद तो आत, ज्याचे बोट क्षणभर अडखळले तो बाहेर. अखेर २०१४ साली कंपनीने रांगच मोडली आणि सोडत पद्धत स्वीकारली. ठरलेल्या मुदतीत कोणीही पात्र व्यक्तीने अर्ज करावा, मग यंत्र नावे काढील. गूगलच्या परिषदेचा इतिहासही फारसा निराळा नाही. तिची तिकिटे २०१३ साली एकोणपन्नास मिनिटांत संपली आणि २०१४ पासून तेथेही सोडत आली. (त्या २०१३ च्या परिषदेत नऊशे डॉलरचे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला तेराशे डॉलरचा संगणक भेट मिळाला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या गर्दीत ज्ञानतृष्णा किती आणि इतर तृष्णा किती, याचा हिशेब सुज्ञांनी करावा.)

‘डेव्हलपर’ या शब्दाला मराठीत ‘विकासक’ म्हणावे तर आपल्या डोळ्यांसमोर इमारती बांधणारा गृहस्थ उभा राहतो. येथे अभिप्रेत आहे तो संगणकाच्या किंवा दूरध्वनीच्या आज्ञावली रचणारा. म्हणून मूळ शब्दच ठेवला आहे.

या हकिगतीतील तंत्रविद्या हा माझा विषय नव्हे. माझी पदवी तत्त्वज्ञानाची आणि नोकरी मध्य प्रदेश शासनाची. त्या नोकरीचा बराचसा काळ एकाच कामात गेला, ते म्हणजे वाटप. वस्तू थोडी आणि मागणारे फार, ही स्थिती समोर नाही असा दिवस मला क्वचितच आठवतो. कधी ते भूखंड असत, कधी दुकानांचे गाळे, कधी टंचाईतील सिमेंटचे परवाने. म्हणून जगातील सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक कंपनी अखेर ज्या उपायापाशी येऊन थांबली, तो उपाय आमच्या तहसील कचेरीच्या आवारात लाकडी टेबलावर ठेवलेल्या पत्र्याच्या डब्याचाच होता, याचे मला मोठे कौतुक वाटले. आणि त्या कौतुकामागोमाग एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. चिठ्ठी टाकून दिलेले ते न्यायाने दिलेले म्हणावे काय?

थोड्या वस्तूचे वाटप करण्याचे मार्ग मानवजातीला फार सुचलेले नाहीत. जो आधी येईल त्याला द्यावे, जो जास्त मोल देईल त्याला द्यावे, जो लायक किंवा गरजू असेल त्याला द्यावे, किंवा चिठ्ठी टाकावी. यांपैकी रांग ही दिसायला सर्वांत निर्मळ. परंतु रांगेत उभे राहायला वेळ लागतो, आणि वेळ हीसुद्धा मालमत्ताच आहे. ती सर्वांपाशी सारखी नसते. त्या २०१२ सालच्या प्रसंगात रांगेने नुसते घड्याळ पाहिले आणि पृथ्वीच्या ज्या अर्ध्या भागावर रात्र होती तो भाग बाद केला. लिलावाविषयी बोलायलाच नको. त्यात निदान ढोंग नसते, एवढाच त्याचा गुण. लायकी हा मार्ग सर्वांना तत्त्वतः मान्य असतो आणि व्यवहारात कोणालाच रुचत नाही, कारण लायकी ठरवणारा माणूस लागतो.

उरली चिठ्ठी. एका गावी भूखंडांच्या सोडतीचा दिवस मला स्पष्ट आठवतो. भूखंड मोजके आणि अर्ज पोतेभर. गर्दीतल्याच एका सात-आठ वर्षांच्या मुलाला टेबलावर उभे केले होते. त्याच्या बाह्या वर केल्या, दोन्ही तळहात लोकांना दाखवले, डबा उलटा करून रिकामा असल्याची खात्री पटवली आणि मग चिठ्ठ्या आत टाकल्या. सोडत दोन तास चालली. ज्यांची नावे आली नाहीत अशी शेकडो माणसे पावतीची घडी करून खिशात ठेवत निघून गेली. एक म्हातारे गृहस्थ टेबलापाशी आले तेव्हा मला वाटले, आता तक्रार. त्यांनी विचारले ते एवढेच, “पुढली सोडत केव्हा?” त्याच कचेरीत गुणांकनाने दिलेल्या गाळ्यांची यादी लागली की मात्र महिनाभर माणसे येत राहत, कागद दाखवत, आवाज चढवत, कधी रडतही. वस्तू दोन्हीकडे तेवढीच मोलाची होती. मग हा फरक कशाचा?

माझ्या समजुतीप्रमाणे तो असा. गुणांकनाच्या यादीत ज्याचे नाव नसते त्याला वस्तू मिळत नाही आणि शिवाय त्याला सांगितले जाते की तू कमी आहेस. चिठ्ठीत नाव न येणाऱ्याला फक्त वस्तू मिळत नाही. त्याचा मान जागच्या जागी राहतो. नाकारताना अपमान न करणे हा गुण वाटपाच्या दुसऱ्या कोणत्याच पद्धतीत नाही, आणि ज्यांनी आयुष्यभर लोकांना ‘नाही’ म्हणण्याचे काम केले आहे त्यांना त्याची किंमत कळते.

या गुणाला चिकटूनच एक दोष येतो. माझे एक सहकारी म्हणत, “सोडतीच्या दिवशी फोन वाजत नाही.” म्हणजे वरून कोणाची शिफारस येत नाही, हा त्याचा सरळ अर्थ. आडवा अर्थ असा की त्या दिवशी अधिकाऱ्याला कोणाचाही अर्ज वाचावा लागत नाही. तीन मुलींना घेऊन भाड्याच्या खोलीत राहणारी विधवा आणि आधीच दोन घरे असून भावाच्या नावाने अर्ज करणारा व्यापारी यांच्या चिठ्ठ्या डब्यात सारख्याच दिसतात. त्यांच्यातला भेद दिसत असताना चिठ्ठी टाकणे ही समता नव्हे, ती डोळेझाक आहे. जेथे मागणाऱ्यांच्या हक्कांत खरोखरच डावे-उजवे करता येत नाही तेथेच चिठ्ठीला न्याय म्हणता येईल. अन्यत्र ती कारण देण्याचे काम टाळण्याची एक सभ्य रीत असते.

प्राचीन लोकांना हे ठाऊक होते असे दिसते. अथेन्सचे नागरिक आपले न्यायमंडळ आणि बहुतेक अधिकारी चिठ्ठीने निवडत. त्यासाठी खाचा पाडलेली दगडी शिळा असे, खाचांत नावांच्या पट्ट्या बसवत आणि काळ्या-पांढऱ्या गोट्यांनी निकाल लागे. चिठ्ठी ही लोकशाहीची रीत आणि निवडणूक ही मूठभरांच्या सत्तेची, असे ॲरिस्टॉटलने नमूद केले आहे. आज ते वाचून आपल्याला नवल वाटते. परंतु त्या शिळेत पट्टी बसायची ती नागरिकाची. स्त्रिया, गुलाम आणि परगावहून येऊन स्थायिक झालेले लोक यांच्या पट्ट्याच नव्हत्या. आपल्याकडे कांचीपुरमजवळच्या उत्तरमेरूर गावी पहिल्या परांतक चोळाच्या काळचे, दहाव्या शतकाच्या पहिल्या चरणातले शिलालेख आहेत. तेथील ग्रामसभेच्या तलाव, बागा इत्यादींच्या समित्या ताडपत्रावर नावे लिहून, ती घागरीत टाकून, लहान मुलाकडून काढवीत. (आमच्या टेबलावरचा तो मुलगा हजार वर्षांचा जुना होता तर!) पण घागरीत नाव जाण्याआधीची चाळणी पाहावी. स्वतःची करपात्र जमीन हवी, स्वतःच्या जागेवर घर हवे, वय पस्तीस ते सत्तर हवे, वेदविद्या हवी. आणि पूर्वी समितीवर असताना ज्याने हिशेब दिला नाही तो तर बादच, त्याचे नातेवाईकही बाद. ही शेवटची अट वाचून माझ्यासारख्या निवृत्त सरकारी माणसाला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही. मुद्दा असा की घागर आंधळी असली तरी घागरीपर्यंत पोहोचणारी वाट डोळस असते. शेतमजुराची चिठ्ठी हरत नव्हती. ती घागरीत पडतच नव्हती.

आता त्या परिषदेकडे पुन्हा येऊ. तिच्या सोडतीत अर्ज करायचा तर आधी कंपनीच्या डेव्हलपर योजनेचे सभासद असावे लागे, त्याचे वर्षाला ९९ डॉलर. नाव निघाले तर तिकिटाचे १,५९९ डॉलर, म्हणजे २०१७ सालच्या दराने एक लाख रुपयांहून अधिक. त्यावर विमानभाडे आणि कॅलिफोर्नियातला मुक्काम. आणि या सर्वांच्या आधी व्हिसा. अमेरिकेचा कायदा तात्पुरत्या प्रवासाच्या व्हिसासाठी येणाऱ्या परदेशी अर्जदाराकडे एका गृहीतकाने पाहतो. हा माणूस कायमचा राहण्यासच निघाला आहे असे धरून चालायचे, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. २०२२ च्या अखेरीस तर भारतातील काही केंद्रांवर पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांना मुलाखतीसाठी दोन वर्षांहून पुढच्या तारखा मिळत होत्या. सोडत आणि परिषद यांच्यातले अंतर मात्र काही आठवड्यांचेच असते. म्हणजे म्यूनिचच्या आणि मालवणच्या अर्जदारांची नावे एकाच यंत्रातून, एकाच निष्पक्षतेने निघतात, आणि तरीही ते दोघे एका सोडतीत नसतात. एक सोडत जन्माच्या वेळीच झालेली असते.

यावर कोणी म्हणेल, खाजगी कंपनीने आपल्या घरच्या कार्यात कोणाला बोलवावे यात न्यायाचा प्रश्न येतोच कोठे? आपण मुंजीला कोणाला बोलावतो याची कोणी सोडत काढा म्हणत नाही. हा आक्षेप मला पूर्वी बरोबर वाटला असता. परंतु ज्यांना बोलवायचे ते येथे नुसते आप्तेष्ट नाहीत. ते कंपनीला वर्गणी देतात. त्यांनी रचलेल्या आज्ञावली कंपनीच्याच दुकानातून विकाव्या लागत आणि विक्रीतून तीस टक्के कंपनीकडे जात (२०२१ पासून छोट्यांसाठी हा दर पंधरा टक्के झाला). कंपनीने नियम बदलला की यांचे काम बदलते, कधी बुडतेही. कुळाचा आणि मालकाचा जो संबंध, त्याच्या जवळ जाणारा हा संबंध आहे. मालकाने वर्षातून एकदा वाड्याचे दार उघडले आणि विचारा काय विचारायचे ते, असे म्हटले, तर त्या दारातून कोण आत गेला हा केवळ पाहुणचाराचा विषय राहत नाही.

पण आत असते तरी काय? हे मला माझ्या भाचीमुळे कळले. ती येथेच, इंदुरात, एका सहकाऱ्यासह आज्ञावली रचण्याचा छोटा व्यवसाय करते. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी देवनागरी पाठ मोठ्याने वाचून दाखवणारी एक आज्ञावली दोघांनी मिळून केली होती. तिचा वाचनाचा सारा भाग सहकाऱ्याचा. भाचीकडे मांडणी आणि व्यवहार. २०१७ सालच्या सोडतीत दोघांनीही अर्ज केले. नाव आले ते भाचीचे. तिकीट दुसऱ्याच्या नावे करता येत नाही हा नियम. शिवाय तिच्यापाशी भावाकडे जाऊन आल्यापासूनचा दहा वर्षांचा व्हिसा होता, सहकाऱ्यापाशी तेव्हा पासपोर्टही नव्हता. घरी पेढे आले, ओळखीच्यांचे अभिनंदनाचे फोन सुरू झाले. ती मला म्हणाली, “मामा, अभिनंदन कशाचं करताहेत हे? मी केलं काय?” हा प्रश्न मला फार आवडला. चिठ्ठीने मिळालेल्या वस्तूवर अभिनंदन स्वीकारणे म्हणजे न केलेल्या कामाचे वेतन घेणे होय, आणि आपल्या समाजात ते सर्रास घेतले जाते.

परिषद सॅन होजे येथे जूनच्या पहिल्या पूर्ण आठवड्यात झाली. ती सांगत होती की आरंभीचे भाषण सकाळी दहाचे, पण माणसे उजाडण्यापूर्वीपासून सभागृहाबाहेर रांगेत उभी होती. प्रत्येकाच्या गळ्यात प्रवेशपत्र, म्हणजे आत जागा नक्की. रांग होती ती पुढच्या खुर्च्यांसाठी! चिठ्ठीने मोडलेली रांग चिठ्ठीच्या आत पुन्हा उगवली होती. आणि जे भाषण ऐकण्यासाठी हे सारे, ते त्याच क्षणी जगात कोठेही घरबसल्या दिसत होते. येथे रात्रीचे साडेदहा वाजता तिच्या सहकाऱ्याने ते पाहिलेच. नव्या वस्तूंची घोषणा झाली, टाळ्या झाल्या, प्रत्येकाला एक जाडेभरडे निळे जाकीट मिळाले. पंचाहत्तर देशांतून लोक आले आहेत असे व्यासपीठावरून सांगण्यात आले. पुढले चार दिवस व्याख्याने. तीही थोड्याच काळात सर्वांना पाहावयास खुली झाली.

मग जाण्यात अर्थ काय, हे विचारणाऱ्याने पंढरपूरचा विचार करावा. तेथे मुखदर्शनाची रांग निराळी आणि पदस्पर्शदर्शनाची निराळी. विठ्ठल दोन्हीकडे तोच. तरी माणूस दुसऱ्या रांगेत तासन् तास उभा राहतो. २००१ साली आपल्या इंदुरात साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षीय भाषण छापील मिळणार आहे हे ठाऊक असूनही लोक मंडपात आलेच होते. सान्निध्याला स्वतःचे असे मोल आहे. ते सिद्ध करता येत नाही, पण नाकारताही येत नाही. तथापि त्या परिषदेत सान्निध्याखेरीज एक रोकडी गोष्टही होती. व्याख्यानांच्या जोडीला तेथे ‘लॅब’ नावाचे दालन असे. ज्या अभियंत्यांनी मूळ यंत्रणा रचली ते स्वतः टेबलांपाशी बसत, आणि आपण आपला संगणक उघडून त्यांच्या शेजारी बसायचे. पुस्तकात नाही, पत्रव्यवहारात मिळत नाही असे उत्तर तेथे शेजारी बसून मिळे. आणि हे चित्रफितीत येत नसे.

येथे माझ्या मते त्या सोडतीचा खरा कच्चा दुवा आहे. व्याख्यान ऐकण्याच्या बाबतीत सर्वांचा हक्क सारखा मानता येईल. परंतु लॅबमधल्या खुर्चीवर सर्वांचा हक्क सारखा नाही. ज्याचे काम एका प्रश्नापाशी अडले आहे आणि ज्या कामावर दुसऱ्या कोणाचे शिक्षण अवलंबून आहे, त्याचा हक्क जाकिटासाठी आणि छायाचित्रासाठी आलेल्यापेक्षा मोठा आहे. तो भेद करायचा तर कोणीतरी अर्ज वाचायला हवे होते. विद्यार्थ्यांच्या बाबतीत कंपनी ते करतही होती. त्या वर्षी साडेतीनशे विद्यार्थ्यांना त्यांनी रचलेली छोटी कृती पाहून, पारखून मोफत प्रवेश मिळाला. आणि त्याच परिषदेला जपानच्या मासाको वाकामिया या ब्याऐंशी वर्षांच्या बाई कंपनीने खास बोलावल्या होत्या. बँकेतून निवृत्त झाल्यावर, साठीच्या पुढे संगणक शिकून, वयाच्या ऐंशीनंतर त्यांनी वृद्धांना खेळता येईल असा पारंपरिक बाहुल्यांच्या मांडणीचा एक खेळ रचला होता. त्यांना चिठ्ठीविना आत घेतले म्हणून कोणी कुरकुर केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. कारण सांगता आले की पक्षपातसुद्धा लोकांना न्याय वाटतो. अर्थात असली निवड मूठभरांची करता येते. हजारोंची करायची म्हटली की पुन्हा तो ठरवणारा माणूस आला, त्याचे हितसंबंध आले, आणि महिनाभर चालणाऱ्या तक्रारी आल्या. कंपनीने प्रौढांसाठी डबा आणि मुलांसाठी परीक्षा असा जो मेळ घातला त्यात शहाणपण किती आणि सोय किती, हे मी सांगू शकत नाही.

२०२० साली करोनामुळे परिषद संपूर्णपणे दूरस्थ आणि विनामूल्य झाली. लॅबसुद्धा वेळ ठरवून पडद्यावर. टंचाई संपली, तेव्हा सोडतीचा प्रश्नही संपायला हवा होता. पण २०२२ साली कंपनीने आपल्या क्युपर्टिनो येथील मुख्यालयात थोड्या लोकांना एका दिवसासाठी बोलावण्यास आरंभ केला, आणि निवडीसाठी पुन्हा चिठ्ठी आली. तिकीट आता फुकट. भाडे आणि व्हिसा ज्याचा त्याचा. ज्ञान सर्वांना वाटून झाल्यावरही माणसे केवळ तेथे असण्यासाठी अर्ज करतात, यावरून चिठ्ठी आता निव्वळ सान्निध्याची राहिली आहे असे म्हणावे लागते.

एक गोष्ट मधेच सांगायची राहिली. आपले पूर्वज देवापुढे चिठ्ठ्या टाकत, कौल लावत, तेव्हा हरणाऱ्याची अशी श्रद्धा असे की या निर्णयाला कारण आहे. ते मला ठाऊक नाही इतकेच. यंत्राच्या सोडतीचा दावा नेमका उलटा असतो. या निर्णयाला कोणतेही कारण नाही, आणि कारण नाही हीच त्याची शुद्धता. ‘देवाची मर्जी’ म्हणून पावतीची घडी करणाऱ्या माणसाला जे समाधान मिळत होते ते यंत्रापाशी मिळत नाही. जिंकणाऱ्याची स्थितीही बदलते. देवाने दिले असे मानणारा निदान देवाचे काही देणे लागत होता, नवस फेडत होता, प्रसाद वाटत होता. यंत्राने दिले तर देणे कोणाचे?

माझे उत्तर असे की, ज्यांची नावे आली नाहीत त्यांचे. अथेन्समध्ये आणि उत्तरमेरूरात चिठ्ठीने निवडलेला माणूस इतरांच्या वतीने बसत असे. तलावाचा गाळ त्याने गावासाठी काढायचा होता. जागा त्याची नव्हती, फक्त त्याच्या नावावर होती. परिषदेतली जागाही तशीच का मानू नये? माझे एक स्नेही, निवृत्त न्यायाधीश, यावर हसले. “भूखंड लागलेला माणूस न लागलेल्यांना अंगणात झोपू देतो काय? सोडतीत लागलं ते पूर्ण मालकीचं. नाहीतर सोडत काढलीत कशाला?” मी म्हटले, भूखंड वाटून घेतला तर कमी होतो, ऐकलेले उत्तर कमी होत नाही. ते म्हणाले, “उत्तर कमी होत नसेल, उत्तर देणाऱ्याचा वेळ तर कमी होतो ना?” न्यायासनावर बसलेल्या माणसाशी वाद घालू नये हे खरे. त्यांचा मुद्दा बिनतोड होता, कारण भाचीवर प्रसंग नेमका तोच आला.

जाताना तिने सहकाऱ्याच्या अडचणी एका वहीत लिहून नेल्या होत्या. त्यात मुख्य अडचण अशी की पडद्यावरच्या मजकुरावरून बोट सरकवताना जोडाक्षर आले की वाचन अडखळे, अर्धे अक्षर निराळे उच्चारले जाई. तिची स्वतःचीही एक अडचण होती, विक्रीच्या व्यवहाराशी संबंधित, आणि तिच्यावर त्यांची त्या वर्षाची मिळकत बरीचशी अवलंबून होती. दोन्ही अडचणींचे जाणकार निरनिराळ्या टेबलांवर, दोघांच्या वेळा एकाच दुपारी, आणि दोन्हीकडे माणसे थांबलेली. ती आधी जोडाक्षरांच्या टेबलाकडे गेली. तेथील अभियंत्याने देवनागरी पूर्वी कधी हाताळली नव्हती. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ कागदावर मोठे काढून तिला समजावून द्यावे लागले. वीस मिनिटांच्या जागी पन्नास मिनिटे गेली. वाट सापडली. दुसऱ्या टेबलापाशी पोहोचली तेव्हा तेथील दिवसाचे काम संपून दिवे मालवत होते.

हे ऐकून न्यायाधीश म्हणाले, मुलगी भाबडी आहे. त्या वर्षीचा तिचा तोटा कोण भरून देणार? सहकाऱ्याने तोटा अर्धा वाटून घेतला, असे मी सांगितले. त्यावर ते काही बोलले नाहीत. त्या उन्हाळ्यात आज्ञावली जोडाक्षरे नीट वाचू लागली. पुढल्या वर्षी, २०१८ साली, सहकाऱ्याने पासपोर्ट काढला आणि दोघांनी पुन्हा अर्ज केले. दोघांचीही नावे आली नाहीत.